शस्त्र कोणाच्या हाती?

(वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थिनींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



स्त्री आणि वैद्यक हा विषय निघाला की आपण आनंदीबाई जोशी यांचे स्मरण करतो. १८८६ साली एका मराठी विवाहितेने अमेरिकेत वैद्यकाची पदवी संपादन केली, त्याचे स्मरण उचितच आहे. परंतु स्मरणाची एक सोय असते. ते केले की आजचा हिशेब द्यावा लागत नाही. मला तो हिशेब मांडायचा आहे.

प्रवेशाचे द्वार आता बंद नाही. गुणवत्तायादीत स्थान मिळवणाऱ्या मुलीला शल्यचिकित्सेची जागा नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. अडसर आहे तो पुढे, शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी. आमची विद्या केवळ ग्रंथ वाचून येत नाही, ती हातांनी करूनच येते. निवासी डॉक्टर म्हणून काढलेल्या तीन वर्षांत सुरी कोणाच्या हाती दिली गेली, यावर पुढची तीस वर्षे ठरतात. मुलाला सांगितले जाते, "ये, टाके तू घे." मुलीला सांगितले जाते, "तुझे अक्षर चांगले आहे, डिस्चार्जचे कागद तू कर. नातेवाइकांशीही तूच बोल." यात दुष्टावा नसतो, बहुधा कौतुकच असते. म्हणून तर तक्रार करणे अवघड जाते!

मी शाखा निवडत असताना एका अध्यापकांनी वडीलकीने सांगितले होते, "बाई, हे कष्टाचे काम. तुम्ही स्त्रीरोगशास्त्र घ्या." तेव्हा मी गप्प राहिले. आज विचारले असते, सिझेरियन ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया नव्हे काय? रात्री दोन वाजता, रक्तस्राव होत असताना, दोन जिवांचा भार घेऊन ती करणाऱ्या भगिनींच्या मनगटाविषयी कोणी शंका घेतली आहे? तेच पोट, तीच सुरी. पित्ताशय काढायचे म्हटले की मात्र आमचे हात नाजूक ठरतात.

डॉ. टी. एस. कनका यांनी १९६८ साली मद्रासमध्ये मेंदूच्या शल्यचिकित्सेतील एम.सीएच. पदवी मिळवली. भारतातील त्या पहिल्या महिला मेंदूशल्यचिकित्सक. त्यांची जिद्द असामान्य होतीच; पण डॉ. बी. राममूर्ती यांच्या विभागात त्यांना प्रत्यक्ष काम करता आले, हेही तितकेच महत्त्वाचे. जिद्दीला टेबलापाशी जागा मिळावी लागते.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात अकरा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात गुंतागुंत, पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याची वेळ वा मृत्यू ओढवण्याचे प्रमाण पुरुष शल्यचिकित्सकांच्या रुग्णांत २५ टक्के, तर स्त्रियांच्या रुग्णांत २०.७ टक्के आढळले. स्त्रीचा हात जन्मतः श्रेष्ठ, असा याचा अर्थ मी काढत नाही. पण रुग्णाच्या सुरक्षिततेची ढाल पुढे करून आम्हांला मागे ठेवण्याचे कारण आता उरलेले नाही.

काही गोष्टी तर अगदी साध्या आहेत. माझ्या हाताला सहा क्रमांकाचे हातमोजे लागतात. सामानाच्या यादीत साडेसात आधी येतो. स्टेपलरची मूठ मोठ्या पंजासाठी घडवलेली, म्हणून एका हाताचे काम मी दोन हातांनी करते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीत सभाकक्षात विसावलेल्या आपल्या एका भगिनीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. कडी लागणारी विश्रांतीची खोली ही चैन नव्हे, हे कळायला एवढी किंमत मोजावी लागावी काय?

समोर बसलेल्या विभागप्रमुखांकडे माझे एकच मागणे आहे. प्रत्येक निवासी डॉक्टरची नोंदवही असते. दर सहा महिन्यांनी मुलांच्या आणि मुलींच्या वह्या शेजारी ठेवून पाहा. 'स्वतः केली', 'साहाय्य केले', 'पाहिली' असे तीन रकाने मोजा आणि बेरीज विभागाच्या फलकावर लावा. माझी जुनी वही मी आज सोबत आणली आहे. पहिल्या दीड वर्षात तिच्यात तिसराच रकाना भरलेला आहे. चहाच्या वेळी ती इथे टेबलावर असेल. ज्यांना पाहायची असेल त्यांनी अवश्य पाहावी.