पाहुण्याच्या हाती स्टिअरिंग



मे महिना जवळ आला की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत घराघरांत गोव्याचे बेत शिजू लागतात. पूर्वी मडगावला उतरले की टॅक्सी नाहीतर कदंबची बस. आता स्टेशनबाहेर, विमानतळाबाहेर भाड्याच्या गाडीची किल्लीच हातात पडते. मला त्या किल्लीबरोबर येणाऱ्या जबाबदारीविषयी बोलायचे आहे.

सुरुवात नंबरप्लेटपासून करू. खासगी गाडीची पाटी पांढरी, टॅक्सीची पिवळी. स्वतः चालवण्यासाठी रीतसर भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि तिच्यावरची अक्षरे पिवळी असतात. १९८९च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली परवाना घेतलेली ही गाडी. थोडे पैसे वाचतात म्हणून अनेकजण कुणाच्या तरी ओळखीने पांढऱ्या पाटीची गाडी घेतात. पण खासगी गाडीच्या विम्यात भाड्याचा धंदा बसत नाही. अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि जखमी माणसाच्या भरपाईचा प्रश्न लोंबकळत राहतो. म्हणून किल्ली घेण्याआधी पाटी पाहा, आरसी आणि विम्याचे कागद वाचा, गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा.

पाटीवरून भाड्याची गाडी ओळखण्याची रीत दूरदेशीही आहे. कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात आणि भाड्याच्या गाडीचा नंबर ‘एच’ अक्षराने सुरू होतो. समोरच्याला लांबूनच कळते, चालक नवखा आहे, सांभाळून घ्यावे. गोव्याची काळी पाटीही तेच सांगते. गावाने आपल्याला सांभाळून घ्यायचे, तर आपणही गावाला सांभाळायला हवे.

या गाडीने काय साधते, ते दिवाडी बेटावर उमगते. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडायची. धक्क्याचा उतार ओला असतो. आधी दुचाकीवाल्यांना आणि पायी माणसांना जाऊ द्यावे, मग पहिल्या गिअरमध्ये हळूहळू बोटीत चढावे, इंजिन बंद करून हँडब्रेक ओढावा. पलीकडे खाजन शेतांतून अरुंद रस्ता जातो. समोरून गाडी आली, तर एकाला थांबावेच लागते. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून आणखी एक फेरी नार्व्याला नेते. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीज अमलात पाडले गेले. देव नदीपलीकडे नार्व्यात गेला आणि तिथल्या देवळाचा शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये जीर्णोद्धार केला. बेटावरून निघून, नदी ओलांडून त्या गाभाऱ्यासमोर उभे राहिले, की इतिहासाचे अंतर पायाखाली येते. वाटेत हवे तिथे थांबत असा प्रवास करता येतो, हीच स्वतःच्या हाती असलेल्या गाडीची खरी कमाई.

याच वाटांवरून गावकऱ्यांची मुले शाळेत जातात, म्हातारी माणसे चर्चला, देवळाला निघालेली असतात. आपण अंधेरी-घाटकोपरच्या कोंडीत गाडी चालवायला शिकलो. तिथे वेग मिळतच नाही. गोव्यातला मोकळा रस्ता पाय ॲक्सिलरेटरवर दाबायला लावतो आणि आंधळे वळण अचानक समोर येते. दारूबद्दल तर तडजोडच नको. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा घातली आहे. चालवणाऱ्याने ती शून्य मानावी. प्यायचा बेत असेल, त्या रात्री गाडी हॉटेलवर ठेवावी, टॅक्सी बोलवावी.

यंदा बेत आखाल, तेव्हा गाडी कोण चालवणार आणि त्या दिवशी प्यायचे नाही हे कोण पाळणार, हे दोन्ही निर्णय तिकिटे काढतानाच करा. दोन्हींचे उत्तर एकच नाव असू द्या.