सम्राट जगन्नाथांची भूमिती



सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांचे ढीग मांडून बसणारे विक्रेते आपणांपैकी पुष्कळांच्या ओळखीचे असतील. अशाच एका ढिगात मला 'रेखागणित' या संस्कृत ग्रंथाचा पहिला खंड मिळाला. मुंबई संस्कृत ग्रंथमालेत १९०१ साली छापलेला. संपादकांच्या प्रस्तावनेची पाने गहाळ होती. पण ग्रंथकाराचे आरंभीचे श्लोक शाबूत होते. ग्रंथकार सम्राट जगन्नाथ. त्यांचे म्हणणे असे की, हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, पुढे ते लुप्त झाले, आणि जयसिंह महाराजांच्या आज्ञेवरून आपण ते पुन्हा प्रकट करीत आहो.

मी गणित शिकवणारा माणूस. वाचून माझी छाती फुगली. युक्लिडची भूमिती आपल्याकडे स्वतंत्रपणे होतीच, असे मी वर्गात ठासून सांगू लागलो.

एकदा एका विद्यार्थ्याने ते पुस्तक चाळता चाळता विचारले, "सर, आकृत्यांना अ, ब, क, ड अशी अक्षरे का नाहीत? अ, ब, ज, द हा कुठला क्रम?" मला उत्तर येईना. आमच्या खोलीत उर्दू शिकवणारे एक वयस्क सहकारी बसत. त्यांना आकृती दाखवली, तर ते हसून म्हणाले, "अहो, ही तर अबजद! अरबी अक्षरांचा जुना क्रम हाच."

मग मी शोधाला लागलो. जगन्नाथ हे महाराष्ट्रीय समजले जातात. सवाई जयसिंहांच्या पदरी ते होते. जयसिंहांना ग्रहांचे गणित आणि प्रत्यक्ष वेध यांचा मेळ घालायचा होता. त्यासाठी त्यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी येथे वेधशाळा उभारल्या. या कामाला अरबी ग्रंथांतली विद्या हवी, म्हणून जगन्नाथ अरबी आणि फारसी शिकले. संस्कृतात मुरलेल्या पंडिताने परकी लिपी अलिफपासून गिरवायची, हे काही लहान काम नव्हे!

इराणातील नसीरुद्दीन तूसी (१२०१–१२७४) याने युक्लिडच्या ग्रंथाची शुद्ध केलेली अरबी आवृत्ती सिद्ध केली होती. तिचे पंधरा अध्याय जगन्नाथांनी संस्कृतात आणले. त्यांत ४७८ सिद्धान्त आहेत. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथही तूसीच्याच अरबी आवृत्तीवरून त्यांनी 'सम्राट्सिद्धान्त' या नावाने संस्कृतात उतरवला. ग्रीकांची विद्या अशी बगदाद, इराण करीत जयपूरला पोचली.

मौज पुढेच आहे. ज्योतिषाच्या ग्रंथात जगन्नाथ आरंभीच सांगून टाकतात की, अरबीत 'मिजास्ती' नावाचा ग्रंथ आहे, त्याचे हे संस्कृत रूप. भूमितीच्या श्लोकांत मात्र ना युक्लिड, ना तूसी! एकाच लेखणीचे हे दोन न्याय का? परक्याचे नाव घेतले तर पंडित ग्रंथाला हात लावणार नाहीत, अशी धास्ती असावी, असा माझा तर्क आहे.

उलट बाजू पाहा. नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिज्मीने अंकगणितावर ग्रंथ लिहिला, तेव्हा ही हिंदूंची रीत आहे असे त्याने साफ सांगितले. आपल्या अंकांची थोरवी सांगताना आपण त्याची साक्ष मोठ्या अभिमानाने काढतो. मग आपण घेतले त्याची साक्ष द्यायला का कचरावे?

मी वर्गात गेलो आणि सांगितले, "इतके दिवस तुम्हांला चुकीचे शिकवले." जीभ जड झाली होती, खोटे कशाला बोलू? पण माझ्या लेखी जगन्नाथ त्यामुळे लहान झाले नाहीत. आपलीच पोथी पुन्हा वाचणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून त्याची अक्षरे गिरवणारा एखादाच. आणि श्लोकांत नाही ते त्यांनी आकृत्यांत राहू दिले आहे. अ, ब, ज, द पुसून तिथे अ, ब, क, ड घालणे त्यांना काय कठीण होते?

तो खंड मी पुढे त्याच विद्यार्थ्याला दिला. देण्यापूर्वी पहिल्या कोऱ्या पानावर दोन नावे लिहिली : युक्लिड आणि नसीरुद्दीन तूसी.