गाठ लपवू नये
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कुवेंपुनगर, म्हैसूर येथे योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी कर्करोगासारखा विषय आम्ही का निवडला, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. कार्यकारिणीतील एका वडीलधाऱ्या सभासदांनी तो आम्हांस विचारलाही. आमचे उत्तर एवढेच की, ज्या मंडळाने पन्नास वर्षे परमुलखात आलेल्या कुटुंबांना बारशापासून तेराव्यापर्यंत सोबत केली, तेथे हा विषय उघडपणे बोलता येत नसेल, तर तो अन्यत्र कोठे बोलावा?

‘गाठ’ हा आपल्या भाषेतील मोठा मायाळू शब्द आहे. स्नेह्यांची गाठ पडते, लग्नगाठ बांधली जाते. तोच शब्द डॉक्टरांच्या तोंडून आला की मात्र अंगाला कापरे भरते. येथील आपल्या कन्नड शेजारणी ‘गंटु’ किंवा ‘गड्डे’ म्हणतात. त्यांच्याही चेहऱ्यावर तीच छाया उमटते. वास्तविक प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. सुश्रुतसंहितेतही ‘ग्रंथी’ आणि ‘अर्बुद’ असा भेद केलेला आढळतो. आजच्या वैद्यकाच्या भाषेत सांगावयाचे तर सिस्ट म्हणजे बहुधा द्रवाने भरलेली पिशवी. अंडाशयातील अशा कित्येक पिशव्या आपोआप विरून जातात. स्तनातील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. कर्करोगाची गाठ मात्र आपली मर्यादा पाळीत नाही. ती शेजारच्या भागात शिरते आणि रक्तावाटे वा लसिकेवाटे दूरवर जाऊन ठाण मांडते.

हा भेद हाताने चाचपून निश्चित कळत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हा समज तर घातकच होय. कारण कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही. ‘सुई लावली की रोग पसरतो’ हा दुसरा समज. त्यापायी बायॉप्सी टाळली जाते आणि मोलाचा काळ निघून जातो.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या थोरल्या वहिनींनी स्तनातील गाठ वर्षभर कोणास सांगितली नाही. मुलीचे लग्न पार पडू दे, मग पाहू, असा त्यांचा हिशेब होता. पुढे निदान झाले, तेव्हा लपविण्याची पाळी आमची आली. रोगाचे नाव त्यांच्या कानी जाऊ नये म्हणून आम्ही कागदपत्रे कपाटात कोंडली, भेटीस येणाऱ्यांना दारातच बजावले. शेवटच्या महिन्यात त्या शांतपणे म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही मला नाव सांगत नव्हता, आणि मला ते ठाऊक आहे हे मी तुम्हांला सांगत नव्हते. दोघांनीही उगाच दमणूक करून घेतली.” त्या वाक्याचे ओझे आम्ही आजही वाहतो.

या व्याधीच्या संशोधनात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, हे आपल्या मुलांस सांगितले पाहिजे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध शोधला. कमरेशी आवळलेल्या धोतराच्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग, तसेच जळते टोक तोंडात धरून ‘चुट्टा’ ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग त्यांनी अभ्यासला. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुरा त्यांनीच वाहिली. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) मूळच्या पुण्याच्या. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे अध्ययन करून त्या परतल्या आणि त्यांनी येथे टिश्यू कल्चरची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढविण्याची, प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास त्यांनी दीर्घकाळ केला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

प्रयोगशाळेतील शोध खेड्यातील माउलीपर्यंत कसा पोचतो, याचे उदाहरण तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील आहे. १९९९ पासून तेथे सुमारे १,३१,००० स्त्रियांचे चार गट करून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पाहणी झाली. टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांचा तीत सहभाग होता. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी केवळ एकदाच तपासणी झाली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले होते. ज्या गटास तपासणी मिळाली नाही, त्या भगिनींविषयी पुढे नैतिक वाद झाला, आणि तो व्हावयास हवाच होता. ज्ञान कोणाच्या तरी जिवावर मिळते, याचे विस्मरण होऊ नये. त्यांचे ऋण फेडावयाचे तर आपण तपासणी टाळता कामा नये. याच विषाणूवर पुण्यात सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली लस २०२३ पासून उपलब्ध झाली आहे. नऊ ते चौदा या वयात ती देणे उत्तम.

आता रुग्णाच्या सुखाविषयी. रोग हटविणे आणि रोग्यास सांभाळणे ही दोन कामे निराळी नाहीत. केमोथेरपीनंतरच्या ओकाऱ्यांवर ओलान्झापीन हे औषध दहा मिलिग्रॅम देत. त्याने उलटी थांबे, पण रुग्ण गुंगीत राही. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अडीच मिलिग्रॅमही तितकेच उपयोगी पडते आणि गुंगी कमी येते, असे दिसून आले. गोष्ट लहान वाटेल. परंतु घरच्यांबरोबर पानावर जागेपणी बसता येणे ही रुग्णाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली १,६०० स्त्रियांवरील चाचणीचे फलित मांडले. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती बधिरीकरणाचे साधे, स्वस्त इंजेक्शन दिले असता पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. आणि जेथे रोग हटत नाही तेथेही करण्यासारखे पुष्कळ उरते. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेल्या शांती अवेदना आश्रमाने हा धडा देशास प्रथम दिला.

आपण घरापासून दूर आहोत. आजार आला की मन प्रथम परळकडे धावते, दादरच्या नातलगांचे पत्ते शोधते. नातलग नसतील तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा आठवतो. तेथे जाण्यास हरकत नाही. पण बंगळूरची किदवई संस्था १९७३ पासून आपल्या जवळ आहे, आणि २०१२ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यामुळे दूरदूरची रुग्णालये उपचारांच्या समान पद्धतीने जोडली जात आहेत. मुंबईचे तिकीट मिळेपर्यंत तपासणी थांबवू नये, एवढेच आमचे सांगणे.

मंडळाकडे आमची तीन मागणी आहेत. हळदीकुंकवाच्या दिवशी वाणाबरोबर तपासणीची माहिती द्यावी. उपचारास जाणाऱ्या रुग्णाबरोबर कन्नड उत्तम बोलणारा एक सभासद जावा. वेदना परक्या भाषेत सांगणे फार अवघड असते. आणि आजाऱ्याच्या घरी गेल्यावर ‘काही होणार नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘तुम्हांला काय वाटते?’ असे विचारून ऐकत बसावे.

गाठ अंगावर असो वा मनात, ती लपविल्याने सुटत नाही. आमच्या वहिनींच्या बाबतीत हे उशिरा उमगले. आपणांपैकी कोणावर तशी वेळ न येवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.