शिकारी पक्षी, करकोचे आणि आपण
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कणकुंबी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेत आरोग्य, शिक्षण, संतवाङ्मय असे विषय ठेवल्यावर मध्येच घारी-गिधाडांचा विषय कशाला, अशी शंका काही मंडळींनी चिटणीसांजवळ काढली, असे माझ्या कानावर आले आहे. शंका रास्त आहे. दानधर्म करणाऱ्या संस्थेचा पक्ष्यांशी संबंध म्हणजे मूठभर दाण्यांपुरता, आणि तोही कबुतरा-चिमण्यांशी. मांस खाणारे, मेलेल्या जनावरावर तुटून पडणारे पक्षी आपल्या पुण्याईच्या हिशेबात कोठे बसणार? ते कोठे बसतात हेच आज सांगायचे आहे. कंटाळा आला तर खुशाल हात वर करावा.

प्रथम आपल्या गावाकडे पाहू. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला निघून कूडलसंगमाला कृष्णेस मिळते. तिकडे भीमगडाच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेची वाट धरून गोव्यात जाते. म्हणजे आपण पाणलोटाच्या अगदी कण्यावर राहतो. एका अंगाला चोर्ल्याचा घाट, खाली गोवा. दुसऱ्या अंगाला जांबोटी, खानापूर आणि मग बेळगावाकडचा उघडा मुलूख. २०११ साली भीमगडचे रान अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र १९० चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतल्या दुर्मिळ वटवाघळामुळे त्याचे नाव परदेशातही ठाऊक आहे. आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे, हे विचारत नाही.

अशा कण्यावर शिकारी पक्षी दिसणे स्वाभाविकच. जड पंखांच्या पक्ष्याला सारखे पंख मारीत राहणे परवडत नाही. सकाळी ऊन चढले, जमीन तापली, की गरम हवा वर उठू लागते, आणि त्या हवेवर बसून हे पक्षी वर्तुळे घेत चढतात. म्हणून भल्या पहाटे उठून गरुड पाहायला जाणाऱ्याची निराशा होते. साडेनऊ-दहाचा सुमार उत्तम. न्याहारी करून निघावे. पक्षिनिरीक्षणाच्या छंदात एवढी सोय दुसरी नाही!

काय दिसेल? सर्पगरुड तर हमखास. त्याची शीळ आपण सर्वांनी ऐकलेली आहे, फक्त ती कोणाची हे विचारलेले नाही. उडताना पंखांच्या कडेने रुंद पांढरा पट्टा दिसला की तोच. सापावर जगणारा हा पक्षी काजूच्या बागेत ठाण मांडून बसला तर बागवाल्याने खरे म्हणजे त्याला चहा द्यावा. दुसरा काळा गरुड. लांब, बोटे पसरल्यासारखे पंख, पिवळे पाय, आणि झाडांच्या शेंड्यांवरून इतक्या संथपणे तरंगत जाणे, की पाहणाऱ्याला वाटावे हा आता खाली पडणार. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यांतली अंडी-पिल्ले शोधत असतो, आणि कधी कधी सबंध घरटेच पायात उचलून नेतो. मोरघार आहे, शिक्रा आहे. शिक्र्याबद्दल आमच्या भगिनींची तक्रार जुनी आहे: कोंबडीची पिल्ले नेतो. नेतो खरा. त्यावर उपाय जाळीचा खुराडा, बेचकी नव्हे. तोच शिक्रा परसातले उंदीर आणि सरडेही नेतो, त्याचा जमाखर्च कोणी मांडीत नाही.

निपाणी-चिकोडीकडच्या पाहुण्यांसाठी एक शब्द. तुमच्याकडे घनदाट रान नाही, पण माळ आहेत. थंडीत मध्य आशियातून भोवत्या नावाचे सडपातळ पक्षी आपल्याकडच्या अशा माळांवर उतरतात. जमिनीपासून दोन-चार हातांवर, डुलत डुलत, टोळ आणि नाकतोडे टिपीत हिंडतात. आणि रात्री झाडावर न बसता गवतातच, जमिनीवर, जमावाने झोपतात. माळाला काडी लावली किंवा तो रातोरात नांगरला, तर त्यांचे सबंध बिऱ्हाड जाते. सरकारी कागदात ज्याला पडीक म्हणतात ते कोणाचे तरी घर असते.

आता गिधाडांकडे येतो. माझ्या व्याख्यानाचे खरे कारण तेच आहे.

साठी उलटलेल्या मंडळींना आठवत असेल: गावात बैल मेला, गावाबाहेर ओढून टाकला, की तासाभरात आकाशात एक ठिपका, मग चार, मग पन्नास. संध्याकाळपर्यंत हाडे पांढरी. (जनावर ओढण्याचे काम गावाने कोणावर लादले होते, आणि १९२७ साली महाडास डॉ. आंबेडकरांनी ते सोडण्याचा उपदेश का केला, हाही त्या आठवणीचाच भाग आहे. नुसत्या गिधाडांचे गोडवे गाऊन तो वगळू नये.) मग गेल्या तीस वर्षांत ती गिधाडे गेली कोठे?

प्रथम कोणालाच कळेना. राजस्थानात भरतपूरच्या रानात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश गिधाडे मोजीत होते. ऐंशीच्या दशकात जेथे शेकडो होती तेथे नव्वदच्या दशकात झाडांवर मान खाली टाकून बसलेली, मग झाडाखाली मरून पडलेली गिधाडे त्यांना दिसू लागली. कोणी म्हणाले रोग, कोणी म्हणाले कीटकनाशक. उत्तर २००४ साली पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून मिळाले. ढोरांना ताप आणि सूज उतरावी म्हणून टोचतात ते डायक्लोफेनॅक! औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड बंद पडते, रक्तातले युरिक ॲसिड वाढते, आतड्या-काळजावर चुन्यासारखा पांढरा थर बसतो, आणि थोड्याच दिवसांत पक्षी मरतो. शंभरात एखादे जनावर विषारी असले तरी पुरते, कारण एका जनावरावर पन्नास गिधाडे जेवतात. उलट गिधाडीण वर्षाला अंडे घालते एकच, आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. खर्च असा आणि आवक अशी असल्यावर कोणती पेढी टिकेल? पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत १९९२ साली जेथे हजार होती तेथे २००७ साली एक उरले. लांब चोचीची, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारी, शंभरात तीन.

औषध देणाऱ्याचा यात दोष नव्हता. औषध स्वस्त होते, गुणकारी होते, आणि बैल दुसऱ्या दिवशी औताला उभा राहत असे. २००६ साली जनावरांसाठी ते बंद झाले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ साली त्या बाटलीवरही मर्यादा आली. २०२३ साली केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक आणि २०२४ अखेर निमेसुलाइड ही जनावरांसाठी बंद झाली, कारण तीही गिधाडांना तितकीच मारक ठरली. मेलोक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही दोन सुरक्षित आहेत. ही दोन नावे कृपा करून लिहून घ्यावीत. बाकी व्याख्यान विसरले तरी चालेल.

आता जे म्हणतात की गिधाडे गेल्याने आपले काय बिघडले, त्यांच्यासाठी. गिधाडे संपली, मढी पडून राहिली, भटकी कुत्री माजली, पाणी नासले. २०२४ साली ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जिल्हावार हिशेब मांडून दाखविले, की २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे देशात सुमारे ५ लाख माणसे अधिक मेली. अंदाजच तो, पण अंदाज करणारे हिशेबी लोक आहेत. कुत्रे चावले म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात धावणाऱ्या गरिबाच्या मदतीला आपला ट्रस्ट आजवर उभा राहिला आहे. त्या खर्चाची एक मुळी कोठे आहे, हे विश्वस्तांनी ध्यानात घ्यावे.

सर्वच अंधार नाही. रायगड जिल्ह्यात म्हसळे तालुक्यातल्या चिरगावी महाडचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांची सिस्केप संस्था यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांची झाडे राखली. हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास होते. आपल्याच राज्यात रामनगरचे डोंगर २०१२ पासून गिधाडांचे अभयारण्य आहेत. जटायूची कथा आपण दरवर्षी कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. आणि कोणाला शिवी द्यायची झाली की गिधाड म्हणतो. दोन्ही एकाच तोंडाने!

करकोच्यांची गोष्ट सोपी आणि गोड आहे. बेळगाव जिल्ह्यातच, गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यामागे घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, १९७४ सालापासून. तेथे थंडीत कांड्या करकोचे येतात. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा झुबका. मंगोलिया-कझाकस्तानकडून हिमालय ओलांडून येणारा हा पक्षी वजनाला अवघा दोन-तीन किलो. दिवसा शेतात सांडलेले धान्य वेचायचे, रात्री उथळ पाण्यात उभे राहायचे. म्हणजे त्याला शेतही हवे आणि निवांत पाणीही हवे. दोहोंतले एक गेले की तो गेला. त्याचा थोरला भाऊ सारस. तो आपल्याकडे येत नाही. महाराष्ट्रात गोंदिया-भंडाऱ्याकडे मोजके उरले आहेत, भाताच्या खाचरात घरटी करतात.

राजस्थानात फलोदीजवळ खीचन नावाचे गाव आहे. तेथल्या जैन मंडळींनी, रतनलाल मालू यांच्या पुढाकाराने, सत्तरच्या दशकात या करकोच्यांना, त्यांच्या भाषेत कुरजांना, रोज ज्वारी घालायला आरंभ केला. आज तेथे हजारोंनी पक्षी उतरतात, आणि २०२५ साली ती जागा रामसर यादीत गेली. हे वाचून आमच्या एका तरुण सभासदाने सुचविले, की ट्रस्टने घटप्रभेला असेच एक दाणाघर काढावे, देणगीदारही मिळतील. सूचनेमागचा भाव मोठा आहे, तरी मी तिच्या विरुद्ध आहे. हजारो पक्षी एका अंगणात गोळा केले की रोगालाही एकच अंगण पुरते. २०२१ च्या नोव्हेंबरात जोधपूर जिल्ह्यात बर्ड फ्लूने कुरजा मेल्याच. खीचनची परंपरा खीचनला शोभते. पण त्याच गावाने पक्षी विजेच्या तारांना धडकून मरू लागले तेव्हा तारांसाठी पाठपुरावा केला, ती गोष्ट मला दाण्यापेक्षा मोलाची वाटते. दाणा घालणे सोपे. कचेरीत खेटे घालणे अवघड.

आणखी एक उदाहरण सांगून आटोपतो. नागालँडात डोयांग धरणावर दर शरदात अमूर ससाणे लाखांनी उतरतात. वजन दीडशे ग्रॅम, म्हणजे दोन-तीन अंड्यांइतके. प्रवास सैबेरियाकडून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत. २०१२ साली एका हंगामात तेथे लाखावर ससाणे जाळ्यात धरून विकले गेले. धरणारे दुष्ट नव्हते, गरीब कोळी होते. गावपंचायती आणि चर्च एकत्र बसले, ठराव झाला, आणि २०१३ साली एकही मारला गेला नाही. त्या वर्षी तिघांच्या पाठीवर यंत्रे बांधून सोडले. नावे नागा, वोखा आणि पांगती. हे ससाणे भारत ओलांडून अरबी समुद्रावर उतरतात. सह्याद्रीवर नोव्हेंबरात त्यांचे थवे दिसतात. तेव्हा चोर्ल्याच्या घाटमाथ्यावर मान वर करून उभे राहायला आपली काही हरकत नसावी.

विश्वस्त मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत, त्या चिटणीसांकडे लेखीही दिल्या आहेत. ट्रस्टच्या गुरांच्या शिबिरात जी औषधे घेतली जातात त्यांची यादी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी आणि वर सांगितलेली चारही बंद औषधे, ती कोणी फुकट दिली तरी, घेऊ नयेत. कुत्र्या-बिबट्याच्या त्रासाने मेलेल्या जनावरावर विष घालण्याची रीत कोठे असेल तर ट्रस्टने सभासदांना ती सोडायला सांगावे. त्या विषावर गरुडही मरतो. आणि घरट्यातून पडलेले पिल्लू कोणी घरी आणून पाळू नये, वनखात्याला कळवावे. १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मांस-भाताने गरुड वाढत नाही.

शेवटी वहीविषयी. कार्यालयात टेबलावर एक लांब वही ठेवली आहे. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, किती, काय करीत होता, एवढे रकाने आखले आहेत. नाव ठाऊक नसेल तर आपल्या घरात जे म्हणतात ते लिहावे. मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश असल्याच नावांनी भरला आहे. गिधाड दिसले तर ठिकाण वहीत न लिहिता मला किंवा चिटणीसांना तोंडी सांगावे, म्हणजे बघ्यांची गर्दी होणार नाही. येत्या रविवारी दहा वाजता देवळापाशी जमू. दुर्बीण एकच आहे, आळीपाळीने घेऊ. मुलांनी लाल-पिवळे कपडे घालू नयेत, आणि डबा आणावा.