‘रफन’ आणि ‘कोर्सन’ : राठपणाची दोन क्रियापदे



महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते. पुढे शब्दकोश हाती आला की एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द लिहून पाठ करण्याची सवय मुलांना लागते. ‘रफन’ व ‘कोर्सन’ ही क्रियापदे त्या सवयीला दाद देत नाहीत.

‘रफ’ आणि ‘कोर्स’ ही मूळ विशेषणे. प्रत्यय लागून त्यांची क्रियापदे होतात, आणि त्यांत ‘तसे होणे’ व ‘तसे करणे’ हे दोन्ही अर्थ येतात. ‘हात राठ झाले’ आणि ‘कामाने हात राठ केले’ असा भेद मराठीला करावा लागतो. इंग्रजीत रूप एकच राहते, आणि वाक्यात कर्म आहे की नाही यावरून अर्थ ठरतो. हे प्रथम फळ्यावर दाखवावे.

‘रफन’ बहुधा पृष्ठभागाविषयी येते. गुळगुळीत झालेले जाते नीट दळत नाही, म्हणून त्यास टाकी लावतात. ती क्रिया म्हणजे ‘रफन’. तेव्हा राठपणा हा नेहमीच दोष नव्हे. वाऱ्याने समुद्र खवळू लागतो, तेथेही हेच क्रियापद चालते. ‘कोर्सन’ पोताविषयी येते : कातडी, केस, चेहरा, आणि त्याहीपुढे वाणी, अभिरुची व वर्तन यांचा दर्जा उतरणे.

‘कोर्स’ शब्दाचा मूळ अर्थ ‘साधारण, नेहमीचा’ असा असावा, असे कोशकार मानतात. साधे ते जाडेभरडे ठरले, आणि जाडेभरडे ते असभ्य. आपल्याकडील ‘ग्राम्य’ शब्दही याच वाटेने गेला. गावचे ते ग्राम्य, आणि पुढे ग्राम्य म्हणजे असभ्य.

म्हणूनच खेड्यातील शिक्षकाने येथे सावध असावे. कष्टाने राठ झालेला हात आणि शिवीगाळीने बिघडलेली वाणी या दोहोंना इंग्रजीत ‘कोर्सन’ लागू शकते. परंतु पहिल्यात निंदा नाही, दुसऱ्यात आहे. मुलाची घरची बोली या दोहोंपैकी कशातच बसत नाही. तिला असभ्य ठरविले, तर मूल वर्गात बोलणेच सोडते.

अभ्यासासाठी हात, जाते, समुद्र, केस व भाषा यांवर पाच मराठी वाक्ये द्यावीत. कशाला राठपणा आला, तो आला की आणला, आणि त्यात निंदा आहे काय, हे मुलांनी आधी सांगावे. क्रियापद मागाहून निवडावे.