सुरेश भटांची रात्र

नांदुऱ्याच्या स्टेशनावर नागपूरच्या बाजूची गाडी पकडली की शेगाव, अकोला, मूर्तिजापूर करत बडनेरा येतं. बडनेऱ्याला उतरलं की अमरावती आलीच. त्या अमरावतीत १५ एप्रिल १९३२ रोजी सुरेश भट जन्मले. आपल्याच वऱ्हाडातले. लहानपणी पोलिओनं उजवा पाय अधू केला, पण बाजाची पेटी लवकर हाताशी आली, आणि पुढे मैफलीत ते स्वतःच्या गझला स्वतःच्या चालीत म्हणत. शब्दही त्यांचे, गळाही त्यांचाच. म्हणून त्यांची नुसती कविता वाचून भागत नाही, ती कानानं ऐकावी लागते.

ती कशी ऐकायची, ते आज बोलू.

'केव्हातरी पहाटे' ही गझल आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलेली आहे. हृदयनाथ मंगेशकरांची चाल, आशा भोसलेंचा आवाज. पुढच्या वेळी ती लागली की एवढंच करा. दोन ओळींचा प्रत्येक शेर 'रात्र गेली' या दोन शब्दांवर येऊन टेकतो. हा रदीफ, तो बदलत नाही. त्याच्या आधी 'ऊन'नं संपणारा एक शब्द येतो, तो काफिया. तो दरवेळी नवा असतो. शेराची पहिली ओळ संपली की क्षणभर मनात अंदाज करा, आता कोणता शब्द येईल? भट बहुतेक वेळा आपला अंदाज चुकवतात, आणि चुकवलेला शब्द इतका नेमका असतो की दुसरा तिथे बसलाच नसता. रात्र तीच, पण प्रत्येक शेरात ती वेगळ्या तऱ्हेनं हातची निसटते. मला विचाराल तर गझलेतलं सगळं दुःख त्या काफियात असतं. रदीफ फक्त दार लावून घेतो.

ही रात्र एकट्या माणसाची आहे. आता 'उषःकाल होता होता' ऐका. १९७९ सालच्या जब्बार पटेलांच्या 'सिंहासन' चित्रपटातलं गाणं. कवी तेच, संगीतकार तेच, गायिकाही त्याच. इथंही रात्र आहे, पण ती कुणा एकाच्या उशाशी बसलेली नाही, साऱ्या मुलखावर उतरली आहे. उजाडेल म्हणून वाट पाहिली आणि अंधारच पुढे आला, ही फसवणूक झालेल्या लोकांची रात्र. पहिल्या गाण्यात कवी स्वतःशी बोलतो, इथं तो चारचौघांना हाक मारून उठवतो. दोन्ही गाणी एकामागून एक लावून बघा, हा फरक कुणाला सांगावा लागणार नाही.

पुस्तकांतूनही हीच वाट दिसते. 'रूपगंधा' १९६१चं, 'रंग माझा वेगळा' १९७४चं. त्यांत ओढ आहे, हुरहुर आहे, प्रेमाचं दुखणं आहे. मग १९८३ साली 'एल्गार' आला आणि आवाज चढला. भटांमधला हळवा कवी तिथं हरवला, असं काही रसिक मानतात. मला ते पटत नाही. 'एल्गार' मोठ्यानं वाचा. वृत्त तितकंच काटेकोर आहे, एक मात्रा इकडची तिकडे नाही, आणि रागाच्या खाली तीच जुनी जखम ठसठसते आहे. आधी तिचा धनी एकटा होता, आता गावकूस ओलांडून ती सगळ्यांची झाली. १९९४च्या 'झंझावात'मध्ये मात्र राग पुष्कळदा दुःखाच्या पुढे धावतो, आणि मी स्वतः पुन्हा पुन्हा 'एल्गार'कडेच वळतो.

नव्यानं लिहू पाहणाऱ्या मुलांसाठी एक. भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून आपली सारी कारागिरी उघड करून ठेवली आहे. ती आधी वाचा, मग 'रंग माझा वेगळा' आणि 'एल्गार' शेजारी ठेवून एकेक गझल आळीपाळीनं म्हणा. मनातल्या मनात नको, मोठ्यानं. घरातलं कुणी ऐकायला येऊन बसलं, तर बसू द्या.