‘गप्प बसा’ म्हणण्याआधी

आजचा भाग खास बीएड आणि डीएलएड करणाऱ्यांसाठी.

इंटर्नशिप जवळ आली की एकच धास्ती असते: वर्ग आवरला नाही तर? पाठ टाचण तयार, तक्ते तयार, पण समोरची चाळीस पोरं काही तयार नसतात. मागे निरीक्षक मॅडम वहीत काहीतरी लिहीत असतात. मग आपला आवाज चढतो, डस्टर टेबलावर आपटलं जातं.

आधी कायदा सांगतो. शिक्षणहक्क कायदा, २००९, कलम १७. शारीरिक शिक्षेला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कलमात मानसिक छळालाही बंदी आहे. म्हणजे छडी टाकली आणि चारचौघांत अपमान सुरू केला, तर सुटलो असं नाही.

मग हातात उरतं काय? बरंच काही उरतं. जेकब कौनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला. १९७० साली त्याचं पुस्तक आलं. त्याला दिसलं ते असं: गोंधळ झाल्यावर शिक्षक कसे रागावतात, यानं फार फरक पडत नाही. फरक पडतो तो गोंधळाच्या आधी ते काय करतात यानं. त्यांचं सगळ्या वर्गाकडे लक्ष असतं, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मुलं रिकामी राहत नाहीत.

हे आपल्याला जमण्यासारखं आहे. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ करू नका, थोडं तिरकं उभं राहा. वह्या वाटायच्या आधी सूचना द्या, नंतर कोणी ऐकत नाही. प्रश्न विचारला की मनात तीनपर्यंत मोजा. मागच्या बाकावरचा हातही वर येईल. हजेरी नंबरानं नको, नावानं घ्या. पहिल्या आठवड्यात नावं पाठ झाली, तर अर्धी लढाई जिंकलात.

आता सामाजिक-भावनिक शिक्षण. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. आपल्या मनात काय चाललंय ते ओळखणं, ते सांभाळणं, समोरच्याचं समजून घेणं, नातं जोडणं आणि विचार करून निर्णय घेणं. यासाठी वेगळा तास लागतोच असं नाही. ‘सर, यानं माझं पेन घेतलं!’ हाच तो तास. दोघांना बाजूला घ्या आणि तीन प्रश्न विचारा: काय झालं? तुला काय वाटलं? आता काय करूया? पण त्याआधी स्वतः एक श्वास घ्या, कारण ओरडणाऱ्या शिक्षकाकडून मुलं ओरडणंच शिकतात.

आणि एक सांगतो. शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग, असं समजू नका. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं मूल काही महिन्यांनी शाळेत परततं. ते दंगा करत नाही, मान खाली घालून बसतं. धडा बराच पुढे गेलेला असतो. ‘गप्प बसा’ म्हणणाऱ्या शिक्षकाला ते शहाणं बाळ वाटतं. खरं तर तुमची सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते. त्याच्या शेजारी दोन मिनिटं बसा.

गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’ वाचलं नसेल तर जरूर वाचा. त्यातला शिक्षक पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि पुरता फसतो. मुलं दंगा करतात, तो त्यांना सुट्टी देऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी तो छडी आणत नाही, गोष्ट सांगायला लागतो.

तेव्हा पहिला पाठ फसला, तर रात्री निकाल लावू नका. ‘उद्या मी आधी काय करणार?’ एवढंच वहीत लिहा. आणि झोपा, सकाळी परिपाठाला वेळेवर पोचायचंय. भेटू पुढच्या भागात!